नवरदेवाच्या नावाचा बेडका

माझ्यासमोर बसलेला पोरगा गोरापान होता आणि नेमकी तीच अडचण होती.

वैभव त्याचं नाव. बिडकीनजवळच्या एका गावातल्या बागायतदार घरातला. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मनगटात सोन्याचं कडं, शेजारी आई. कागदोपत्री तो माझा एमडीआर टीबीचा पेशंट होता आणि उपचाराचा चौथा महिना चालू होता. त्याला ज्या गोळ्या लागू होत्या त्यांत क्लोफाझिमिन नावाची एक गोळी असते. औषध चांगलं, पण ते माणसाचा रंग बदलतं. दोन-तीन महिने पोटात गेलं की गोरा माणूस तांबूस-काळा पडतो, सावळा असला तर पार काळाभोर होतो. बायका माझ्यापुढं येऊन रडायच्या. औषध संपल्यावर रंग हळूहळू परत येतो, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायचं.

आणि हा बाबा चौथ्या महिन्यात टवटवीत! गालावर लाली.

मी छातीच्या आजारांची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी टीबी केंद्रात काढली. खोटं बोलणारी माणसं मला रोजच भेटत. गरीब माणूस भीतीपोटी खोटं बोलतो, त्याचा मला राग येत नाही. हे असे कडक इस्त्रीवाले बोलायला लागले की मात्र माझं टाळकं सरकतं.

“गोळ्या घेतोस?”

“रोज घेतो मॅडम.”

“सगळ्या?”

“व्हय, सगळ्या,” उत्तर आईनं दिलं. “मी सोता त्याच्या हातावर ठेवते.”

“एका वेळी किती असतात हो?”

आईनं वैभवकडं पाहिलं. वैभवनं पंख्याकडं पाहिलं. मी फाईल उघडली. वजन वाढलेलं, एक्स-रे स्वच्छ, भूक चांगली. आणि बेडक्याच्या कल्चरमध्ये टीबीचे जंतू जिवंत. कल्चर म्हणजे बेडक्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. जंतू मेले असतील तर काही उगवत नाही. इथं महिन्यामागून महिना उगवतच होतं. म्हणजे पोरगा धडधाकट आणि त्याचा बेडका आजारी. असला चमत्कार आमच्या पुस्तकात नाही.

हे प्रकरण सुरू झालं ते वैभवच्या काकापासून. सुदामराव. वैभवचे वडील दादाराव पाटील, त्यांचा हा धाकटा भाऊ. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही. साखरेचा आजार, वर दारू. ही दोन दुखणी ज्या शरीरात असतात तिथं टीबीला आवतण द्यावं लागत नाही. आधी त्यांना साधा टीबी झाला. सहा महिन्यांचं औषध, बरा होणारा आजार. सुदामरावांना महिन्याभरात बरं वाटलं, गोळ्या बंद. पुन्हा खोकला, मग शहरात एका खाजगी डॉक्टरकडं, तिथली अर्धी औषधं, पुन्हा बंद. का तर गावची जत्रा आली आणि गोळ्यांवर पिता येत नाही. मग बिडकीनला एक इंजेक्शनवाला. नावापुढं डॉक्टर, पण कसला ते त्यालाच ठाऊक.

शेतकऱ्याला मी हे नेहमी हरळीवरून समजावून सांगते. हरळीवर अर्धंच तणनाशक मारलं तर कोवळी मरते, चिवट राहते. दोनचार वेळा असंच करा, सगळं रान चिवट हरळीचं. टीबीच्या जंतूंचंही असंच. टीबीचा सगळा उपचार ज्या दोन मुख्य औषधांवर उभा आहे, ती दोन्ही ज्यांना चालत नाहीत ते एमडीआर जंतू. ते कुठून आभाळातून पडत नाहीत. सुदामरावांसारखी माणसं ते घरच्या घरी तयार करतात आणि खोकून वाटतात.

ते माझ्याकडं आले तेव्हा फार उशीर झाला होता. नवं औषध नीट लागू पडायच्या आतच गेले. नियमाप्रमाणं आम्ही घरच्या सगळ्यांची तपासणी केली. वैभवला पंधरा दिवस खोकला होता आणि लग्न ठरलेलं होतं. “इथंच बेडका दे,” म्हटलं तर म्हणाला, “येईना मॅडम. डबी द्या, सकाळचा घेऊन येतो.” यात वावगं काही नव्हतं. झोपेतून उठल्यावरचा बेडका तपासायला उलट चांगला. डबी दिली. दुसऱ्या दिवशी भरून आली. मशीननं सांगितलं, टीबी आहे आणि मुख्य औषध चालत नाही. एक्स-रे इतका स्वच्छ होता की मी पुन्हा डबी दिली. पुन्हा तेच.

मग दादाराव स्वतः आले. पांढरे कपडे, अत्तराचा घमघमाट, खुर्ची ओढून बसायची ती पाटलाची पद्धत. मी भांडणाच्या तयारीत होते. अशी घरं पहिल्यांदा मशीन खराब ठरवतात, मग लॅबवाला, मग मला. पण दादाराव म्हणाले, “मॅडम, तुमी म्हनताल तसं. गोळ्या द्या, पोरगं खाईल. फक्त बोभाटा नको. तुमची ती टीबीची चित्रं काढलेली गाडी दारात पाठवू नका.”

इतकं शहाणपण पाहून मला आनंद झाला नाही, अंगाला खाज सुटली. तरी रिपोर्टपुढं इलाज नव्हता. ईसीजी काढला, रक्त तपासलं, गोळ्या सुरू केल्या. महिन्याच्या महिन्याला डबी घरून भरून यायची आणि गोळ्यांचा पुडा गावच्या आशाताईमार्फत घरी जायचा.

तर आता चौथा महिना, आणि हे गोरंपान सोंग माझ्यापुढं.

“उठ,” मी म्हटलं. “बाहेर मोकळ्या हवेत चल. माझ्यासमोर खोक आणि माझ्यासमोर डबीत थुंक.”

आई ताडकन उभी राहिली. “आज नाय जमायचं. गुलमंडीत बस्ता हाय. व्याही येऊन बसलेत दुकानात.”

बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. दोन्हीकडची माणसं गादीवर बसतात आणि दिवसभर साड्या उलगडतात.

“हो का? मुलीकडच्यांना आजाराचं सांगितलंय?”

“आजार असल तर सांगू ना!” बाई फणकारल्या. आणि लगेच पदर तोंडाला लावला.

वैभवनं डोळे मिटले. “जा बाई, बस्ता करा,” मी म्हटलं. त्या गेल्या आणि मी पर्स उचलली. सगळं घर गुलमंडीत साड्या बघत असणार, म्हणजे गावाकडं मला अडवायला कुणी नव्हतं. चित्रं काढलेली गाडी घेतली नाही. माझीच गाडी काढली.

गावात आशाताईला गाठलं. पोलिओ, बाळंतपण, टीबी, सगळं तिच्याच गळ्यात. पेशंटनं गोळी गिळलेली तिनं डोळ्यांनी बघायची असा नियम. मी विचारलं, “वैभव तुझ्यासमोर गोळ्या खातो?”

“मॅडम, काय बोलता! पाटलाच्या पोराला मी आ कर म्हनू? मला वसरीच्या वर कोन येऊ देतंय?”

“मग पुडा कुणाकडं देतेस?”

“आखाड्यावर ठेवते. तसंच सांगितलंय मालकानं.”

आखाडा म्हणजे शेतातला गोठा आणि त्याला लागून राहायची एक खोली. तिथं गेले. बाजेवर एक माणूस पाय चोळत बसला होता. पन्नाशीचा असेल. त्याचा रंग बघितला आणि मला दुसरं काही विचारायची गरजच उरली नाही. उन्हानं माणूस असा काळा होत नाही. चकचकीत तांबूस काळा, डोळ्यांच्या पांढऱ्यालासुद्धा तांबूस झाक. क्लोफाझिमिन समोर बसलं होतं.

लिंबाजी त्याचं नाव. पाटलांचा सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. मूळचा करमाडकडचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. बायको भावाबरोबर अजून मेंढरं राखत होती. हा सणावाराला जाऊन यायचा.

“गोळ्या कशाच्या खाता लिंबाजी?”

“ताकदीच्या. मालकानं आनून दिल्या. लई जीव हाय मालकाचा.”

“रोज खाता?”

“नाय, दिवसाआड. मालक म्हनले, लई गरम पडतेत, रोज खाऊ नको. कापूस वेचायच्या टायमाला तर पंधरा दिस बंदच ठेवल्या. चक्कर यायची.”

हीच ती अर्धी फवारणी.

“आणि डबीत कधी थुंकायला सांगितलं होतं का हो तुम्हाला?”

“व्हय की. वैभवदादा दर महिन्याला डबी देतेत. सकाळी उठल्याबरोबर ह्यात बेडका टाक म्हनतेत. मी म्हनलं कशाला, तर म्हनले पीकविम्याला लागतंय.”

यात हसण्यासारखं काही नाही. पीकविम्याला हल्ली इतकं काय काय लागतं की लिंबाजीला ते खरं वाटलं. मलाही वाटलं असतं.

“खोकला किती दिवसांपासून?”

“बिडीचा खोकला हाय तो. आन्ना, मालकाचे धाकले भाऊ, गेले तवापून जरा जास्त झालाय. आन्नांचं सगळं मीच केलं ना. घरच्यांनी त्यांना हितं आनून ठेवलं. थंडीचे दिस, दार लावून ह्याच खोलीत दोघं झोपायचो.”

वा रे वा! घरातल्या माणसांना लागू नये म्हणून भावाला घराबाहेर काढला. अक्कल होती तर! आणि त्याच खोलीत झोपणारा माणूस त्यांच्या हिशेबात माणूस नव्हता. पुढं पोराचा रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून याच तगड्या गड्याचा बेडका पाठवला. कष्टाच्या अंगाला असला आजार होत नाही म्हणे! रिपोर्ट फिरला तेव्हा खरं सांगितलं असतं तर लबाडी उघडी पडली असती, म्हणून गोळ्या निमूट उचलल्या आणि यालाच चारल्या.

लिंबाजी पाय चोळत म्हणाला, “बाई, एक इचारू? ताकदीच्या गोळ्यांनी पायाला मुंग्या का येत्यात? चप्पल निसटली तरी कळना झालंय.”

मला रडू आलं नाही, संताप आला. त्या गोळ्यांत लिनेझोलिड नावाचं एक औषध असतं, ते नसा जाळू शकतं, रक्त कमी करू शकतं. दुसरं एक हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. म्हणूनच दर महिन्याला ईसीजी आणि रक्त. ते सगळं आम्ही इमानेइतबारे तपासत होतो, वैभवचं! गोळ्या एकाच्या पोटात आणि तपासणी दुसऱ्याच्या छातीवर. हा माणूस बाजेवरून उठता उठता कोसळला असता तर पाटलांनी बिडीवर खापर फोडलं असतं.

तिथूनच फोन लावला. मागं साड्यांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी “तो शालू दाखवा” म्हणत होतं.

“दादाराव, मी तुमच्या आखाड्यावर उभी आहे. लिंबाजीशी गप्पा झाल्या.”

दबक्या आवाजात उत्तर आलं, “मॅडम, मी जरा मीटिंगमधी हाय.”

“मग मीच येते मीटिंगला. दुकानाचं नाव सांगा.”

“नाय नाय! मी येतो. आत्ता येतो.”

मी काही दुकानात जाणार नव्हते. पेशंटचं गुपित चारचौघांत फोडणं आमच्या धर्मात बसत नाही. पण दादारावांना हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

लिंबाजीला गाडीत घातला आणि केंद्रावर आणला. आम्ही त्याचा ईसीजी काढतोय तोवर दादाराव घामाघूम होऊन आले.

“मॅडम, झालं ते झालं. आपलं आपल्यात ठेवा.”

“काय झालं ते तरी बोला.”

“म्हंजी आमी त्याला वाऱ्यावर नाय सोडलं. औषध दिलंच की!”

“अर्धं दिलं.”

“गरम पडत होतं त्याला.”

“दादाराव, तुम्ही कुठल्या कॉलेजचे एमडी?”

“तसं नाय, पन—”

“त्याला आजार काय आहे ते सांगितलंत?”

“सांगून काय करता? घाबरून पळून गेला असता. हंगामात दुसरा गडी कुठं मिळतो?”

एवढं मात्र खरं बोलले. ऐकून मला जवळजवळ बरं वाटलं.

“तुमच्या सुनेला तरी सांगणार होता का? तुमच्या समजुतीप्रमाणं पोराला काही नाही. पण तपासलंय कुणी?”

“आमच्या घरात असला आजार नाय मॅडम.”

“मग सुदामराव कशानं गेले?”

“दम्यानं.”

हे त्यांनी माझ्या खुर्चीसमोर बसून मला सांगितलं. मीच सुदामरावांच्या मृत्यूच्या कागदावर टीबी लिहिला होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पण दादाराव पाटी धरून बसले होते. मी म्हटलं, “वैभवला उद्या इथं आणा. तो माझ्यासमोर थुंकेल. नाही आणलंत तर ती चित्रांची गाडी थेट मांडवात येईल.” ती गाडी कुणाच्या मांडवात जात नसते. पण हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

आणला. माझ्यासमोर, कंपाउंडच्या भिंतीपाशी, दहा मिनिटं खाकरून नवरदेवानं बेडका काढला. रिपोर्ट स्वच्छ. पुन्हा तपासलं, स्वच्छच. खोकला गुटख्याचा होता. म्हणजे पहिल्याच दिवशी स्वतःच्या डबीत स्वतः थुंकला असता तर हे काहीच झालं नसतं. दादाराव हसून म्हणाले, “बगा, मी म्हनलो नव्हतो?” त्यांना तो त्यांचा विजय वाटला. लिंबाजीचं काय हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. आठवडाभरात त्याचं साल मात्र मोडलं. आजारी गडी ठेवून काय करू, असं म्हणाले म्हणे.

लिंबाजी आमच्याकडं ॲडमिट होता. ठोके बिघडलेले, रक्त निम्म्यावर आलेलं. आधी सगळ्या गोळ्या थांबवाव्या लागल्या. नवं कल्चर आलं आणि जे मला भिववत होतं तेच झालं. दिवसाआडच्या गोळ्यांनी जंतूंना आणखी एक औषध पचवायला शिकवलं होतं. आमच्याकडं मोजकीच हत्यारं असतात. त्यातलं एक पाटलांनी कापूस वेचणीच्या हंगामात बोथट करून टाकलं.

त्याला सगळं खरं मी सांगितलं. आजाराचं नाव, कुणापासून लागला, डबी कशासाठी होती. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मंग आमच्या गयाला?”

गया म्हणजे त्याची बायको. तिला करमाडहून बोलावली. तिनं आयुष्यात टीबीची एक गोळी खाल्लेली नव्हती, दारू नाही, साखर नाही, दिवसभर उघड्या माळावर. तरी तिच्या बेडक्यात तेच हट्टी जंतू निघाले. या आजाराचं खरं भय हेच आहे. औषध अर्धवट सोडतो एकजण, आणि औषध न चालणारा आजार पहिल्याच दिवशी दुसऱ्याला मिळतो. सुदामराव ते लिंबाजी, लिंबाजी ते गया. पुढची माणसं आम्ही शोधत फिरलो. सुदैवानं तिचा भाऊ आणि त्याची पोरं वाचली.

दोघं नवराबायको दीड वर्षाहून जास्त गोळ्या खात होती. एकमेकांसमोर बसून, एकमेकांचं तोंड बघून. गया रंगावरून त्याला चिडवायची, “आता मेंढरात उभं ऱ्हायलं तर कुत्रं बी वळखायचं नाय तुमाला.” दोघंही बरी झाली. गया पुन्हा मेंढरांमागं गेली. लिंबाजी जाऊ शकला नाही. पायांच्या नसा परत आल्या नाहीत. काटा रुतला तरी त्याला कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

वैभवचं लग्न थाटात झालं. मला पत्रिका आली होती. वर सुदामरावांच्या नावापुढं कैलासवासी आणि खाली कार्यवाहक मंडळींत गावातली झाडून सगळी नावं. सुदामरावांची जमीन पुतण्याच्या नावावर झाली. त्यांची सेवा करणाऱ्याला त्यांचे जंतू मिळाले.

एक गोष्ट मला अजून सलते. वैभव पहिल्या दिवशी खरेपणानं थुंकला असता तर त्याचा रिपोर्ट स्वच्छ आला असता, आम्ही घर तपासून फाईल बंद केली असती, आणि लिंबाजी त्या खोलीत खोकत खोकत मेला असता. तो सापडला तो पाटलांच्या लबाडीमुळं. कारण सुदामरावांनंतरच्या तपासणीत ‘घरात माणसं किती?’ या प्रश्नावर दादारावांनी पाच सांगितली होती आणि त्यांच्या मते ते खरंच होतं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत तो प्रश्न मी कुठल्याच घरात विचारला नाही. मालकाला बाजूला बसवायचे, सरळ चुलीपाशी जायचे आणि बाईला विचारायचे, “भाकरी कितीजणांच्या थापता?” बाई विचार न करता सांगते, आणि तिचा आकडा बहुतेक घरांत नवऱ्यापेक्षा मोठा निघतो.